अशक्त हातांनीं जड गाडी कशी चढवावी?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमचा मुक्काम सुमारें पांच आठवडे इंग्लंडांत, यॉर्कशायर परगण्यांत, आमच्या मावशींच्या घरीं होता. परत आल्यावर नववीच्या वर्गांतील मुलांनीं साहजिकच विचारलें कीं, "सर, तिकडे काय काय पाहिलेंत?" राजवाडे, पूल आणि संग्रहालयें यांचीं वर्णनें ऐकावयास मिळतील अशी त्यांची अपेक्षा असावी. तीं स्थळें आम्हीं पाहिलीं नाहींत असें नाहीं. परंतु ज्या एका गोष्टीवर आमचे सर्वांत अधिक दिवस खर्च झाले व जिच्यापासून आम्ही सर्वांत अधिक शिकलों, ती गोष्ट म्हणजे ६२ किलो वजनाची एक विजेची गाडी जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच असलेल्या दारांतून आंत चढविणें, ही होय. चढविणारीं माणसें दोनच. काकांचें वय ७१, मावशींचें ६८. मावशींस संधिवात असून काठी टेकीत वीस-पंचवीस पावलांपलीकडे त्यांच्यानें चालवत नाहीं, बोटेंही वांकडीं झालीं आहेत. काकांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आहे व पुढें अंतर्गळाचा विकारही जडला; जड ओझें उचलावयाचें नाहीं अशी डॉक्टरांची त्यांस सक्त ताकीद आहे. मुलगी दूर स्कॉटलंडांत नोकरीस. अशा स्थितींत ती गाडी चढावी कशी, हा प्रश्न आमच्यापुढें होता. वर्गांत शिकविलेलीं साधीं यंत्रें येथें एकेक करून उपयोगी पडलीं, म्हणून ती हकीकत विद्यार्थीमित्रांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं येथें लिहीत आहों.

प्रथम चढविण्याची वस्तु व ती जेथें चढवावयाची ती जागा, या दोहोंची ओळख करून दिली पाहिजे. मोटारहोम म्हणजे चाकांवरचें घर. मोठ्या मोटारीच्या सांगाड्यावर एक लांबट खोली बांधलेली असते; तींत बिछाना, चूल, पाण्याची टाकी, न्हाणीघर इतकें सर्व असतें. पुष्कळ मोटारहोमांत मागील बिछाना उंचावर असून त्याच्याखालीं सामानाची एक कोठडी असते, तिला तिकडे गॅरेज म्हणतात. तिचें दार गाडीच्या कुशीला असतें. मावशींनीं आपल्याकडील एका मिशन इस्पितळांत परिचारिकेचें शिक्षण घेतलें व इ. स. १९८१ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. आयुष्यभर रात्रपाळ्या केल्यावर, सेवानिवृत्तीच्या पैशांतून त्या दोघांनीं हें चाकांचें घर घेतलें. दर वर्षीं नॉर्थंबरलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर पंधरा दिवस जावयाचें, असा त्यांचा परिपाठ पडला.

पुढें गुडघे थकले. मुक्कामाच्या जागेपासून समुद्र अर्धा मैल असला तरी तो मावशींना शंभर मैलांवर गेल्यासारखाच होई. त्या आंत बसून राहत. काका दहा मिनिटें बाहेर फिरून येत व एकट्यानें गेल्याचें वाईट वाटून लगेच परतत. "खिडकींतूनच समुद्र पाहावयाचा असेल तर घरीं भिंतीवर चित्र टांगलेलें काय वाईट?" असें मावशी आम्हांस म्हणाल्या. म्हणून मोबिलिटी स्कूटर घेतली. चालण्याची शक्ति उणी झालेल्या माणसासाठीं बसण्याची खुर्ची, पुढें सुकाणूचा दांडा, खालीं तीन किंवा चार लहान चाकें, आणि बॅटरीवर फिरणारी मोटर, अशी ही गाडी असते. अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत ॲलन थीम या गृहस्थानें इ. स. १९६८ सालीं आपल्या आजारी पत्नीसाठीं अशी पहिली गाडी तयार केली व तिला 'अमिगो' म्हणजे 'मित्र' हें नांव दिलें. ब्रिटनच्या नियमांप्रमाणें या गाड्यांचे दोन वर्ग पडतात. एका वर्गाची गाडी पादचाऱ्यांच्या मार्गावरून ताशीं ४ मैल, म्हणजे सुमारें साडेसहा किलोमीटर, वेगानें जाते. दुसऱ्या वर्गाची रस्त्यावरून ताशीं ८ मैलांपर्यंत जाऊं शकते, परंतु तिची सरकारदफ्तरीं नोंद करावी लागते. मावशींची गाडी पहिल्या प्रकारची, चार चाकांची.

गाडी आली, परंतु ती मोटारहोमांत चढेना. काकांनीं शेजाऱ्याकडून दोन लांकडी फळ्या आणल्या, त्या दाराच्या उंबऱ्यावर टेकविल्या आणि गाडी ढकलीत नेली. अर्ध्यावर गेली न गेली तोंच एक फळी मागें सरकून खालीं पडली, गाडी कलंडली व काकांच्या नडगीवर आदळली. हाड मोडलें नाहीं, हें नशीब. तो प्रकार ऐकल्यावर मुलीनें फोनवरून निर्वाणीचें सांगितलें कीं, आतां हें घर विकून टाका. आम्ही तेथें पोंचलों तेव्हां विक्रीची जाहिरात लिहून तयार होती. फक्त छापावयास द्यावयाची राहिली होती.

फळी कां सरकली, हें आमच्या नववीच्या मुलांनीं येथेंच थांबून सांगावें. न्यूटनच्या तिसऱ्या नियमांत त्याचें उत्तर आहे. गाडी ज्या जोरानें पुढें व वर ढकलावी त्या जोरानें फळी मागें ढकलली जाते. फळीचें वरचें टोंक उंबऱ्यावर नुसतें टेकलेलें होतें; त्याला पकडून ठेवणारें घर्षणाशिवाय दुसरें कांहींच नव्हतें, आणि पावसानें ओलें झालेलें लांकूड व रंगविलेला पत्रा यांमधील घर्षण तें किती असणार! म्हणून फळी कोणतीही असो, तिच्या वरच्या टोंकास ओंठ असावा, आणि तो ओंठ उंबऱ्याला खिट्टीनें अथवा पट्ट्यानें जखडलेला असावा, हा पहिला नियम.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. "आमच्या अंगांत शक्तीच नाहीं," असें काका वारंवार म्हणत. आम्हीं कागद घेऊन त्यांच्यापुढें एक साधा हिशेब मांडला. ६२ किलोची गाडी ५५ सेंटिमीटर वर न्यावयाची. एखादा ६२ किलो वजनाचा मनुष्य १८ सेंटिमीटर उंचीच्या तीन पायऱ्या चढतो तेव्हां तो जितकें काम करितो, जवळजवळ तितकेंच हें काम आहे. काका स्वतः दिवसांतून पांच-सहा वेळां माडीवर जातात, तेरा पायऱ्या! तेव्हां कामापुरतें सामर्थ्य त्यांच्यापाशीं होतेंच. उणीव होती ती निराळ्या गोष्टीची. ६२ किलोंचें बल एकाच क्षणीं, एकाच झटक्यांत लावण्याची ताकद त्यांच्यांत नव्हती. काम आणि बल या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें आपण परीक्षेपुरतें पाठ करितों. म्हातारपणीं मात्र तो भेद कंबरेला कळतो. यंत्राचें सारें कौशल्य इतकेंच कीं, तें काम कमी करीत नाहीं. तें लागणारें बल कमी करितें व त्याच्या मोबदल्यांत अंतर वाढवून घेतें.

यांपैकीं सर्वांत जुनें यंत्र म्हणजे उतरण. बैलगाडींत गुळाच्या ढेपा अथवा तेलाचीं पिंपें चढवितांना आपले लोक फळी लावतात ती उतरणच. आमच्या आजोळीं पडक्या विहिरीवर जुन्या मोटेची धांव अद्याप दिसते. ती मुद्दाम उतरती केलेली असे. पाण्यानें भरलेली मोट ओढतांना बैल उताराकडे चालत, त्यामुळें त्यांच्या अंगाचें वजनही नाड्यावर पडून ओढण्यास साहाय्य होई. ज्यानें प्रथम अशी धांव बांधली त्याचें नांव कोठें नोंदलेलें नाहीं. उतरणीचा गणिती नियम मात्र सायमन स्टेव्हिन यानें इ. स. १५८६ सालीं लायडन येथें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत फार मौजेच्या रीतीनें सिद्ध केला. एक त्रिकोणी ठोकळा कल्पावा. त्याची एक बाजू दुसरीच्या दुप्पट लांब. त्यावर सारख्या १४ गोळ्यांची माळ टाकावी. लांब बाजूवर ४ गोळ्या राहतील, आखूड बाजूवर २, आणि बाकीच्या ८ खालीं दोहोंकडे सारख्याच लोंबतील. ही माळ आपोआप फिरूं लागली असती तर ती कधींच थांबती ना, आणि असें निरंतर फिरणें अशक्य आहे. म्हणून माळ स्थिरच राहते. खालच्या ८ गोळ्या काढून घेतल्या तरी तोल ढळत नाहीं. म्हणजे लांब उतरणीवरील ४ गोळ्यांना आखूड उतरणीवरील २ गोळ्या तोलून धरतात. उतरण जितकी लांब तितकें लागणारें बल थोडें, हें यावरून सिद्ध झालें. एकही प्रयोग न करितां केवळ विचारानें काढलेला हा निष्कर्ष आम्हांस फार आवडतो.

तो नियम आमच्या गाडीस लावूं. २१० सेंटिमीटर लांबीची उतरण घेतली तर ६२ ला ५५ नें गुणून २१० नें भागावें. उत्तर सव्वासोळा किलो. घर्षणाची थोडी भर निराळी. ६२ वरून १६ वर आलों, परंतु सव्वासोळा किलोंचा जोर वांकून, चढणीवर, सतत लावणें हेंही काकांना वर्ज्यच होतें. मग उतरण आणखी लांब करावी काय? चाकांच्या खुर्चीसाठीं ज्या कायम उतरणी बांधतात त्यांस एकास बारा हें प्रमाण सांगितलेलें असतें. त्या मापानें ५५ सेंटिमीटरांस साडेसहा मीटरांहून अधिक लांब फळी लागेल; म्हणजे घराएवढीच उतरण घराबरोबर वागवावी लागेल! शिवाय फळी लांब झाली कीं तीही जड होते. ॲल्युमिनियमच्या घडीच्या फळीचें वजनही कांहीं थोडें नसतें, आणि ती उचलावयाची कोणी? वजन हलकें करण्याचें साधन स्वतःच ओझें होऊन बसावें, असा हा पेंच आहे.

तेव्हां उतरण न वाढवितां वजन व उंची यांतच कांहीं उणें करितां येईल काय, हें आम्हीं पाहूं लागलों. वजन उणें झालें तें असें. बैठक वर ओढली कीं निघते. ती ९ किलोंची. दोन बॅटऱ्या एका पेटींत नसून निरनिराळ्या होत्या, प्रत्येकी ६ किलोंची. हे तीन डाग काका एकेक करून सुखानें उचलूं शकत. राहिलेला सांगाडा ४१ किलोंचा. उंची कमी करण्याची युक्ति मात्र मावशींना सुचली, आणि ती आम्हांपैकीं कोणास सुचली नाहीं याची आम्हांस थोडी लाज वाटली. तिकडे रस्त्याच्या कडेचा पादचारीमार्ग रस्त्याहून सुमारें १२ सेंटिमीटर उंच असतो. मोटार रस्त्यावर कडेला उभी करावी व उतरणीचें पायथ्याचें टोंक रस्त्यावर न टेकतां त्या उंच मार्गावर टेकावें. ५५ चे झाले ४३! ४१ ला ४३ नें गुणून २१० नें भागलें म्हणजे सुमारें ८.४ किलो येतात. बासष्टांवरून साडेआठांच्याही खालीं आलों, आणि अद्याप एकही चक्र अथवा दोर वापरलेला नव्हता. जेथें असा उंचवटा मिळत नाहीं तेथें मोटारीचीं पुढचीं चाकें गाडी समतल करण्यासाठीं असतात त्या पाचरींवर चढवितां येतात. मग मागची बाजू किंचित खालीं बसते.

दुसरेही उपाय बाजारांत आहेत आणि प्रत्येकाचे विक्रेते आपल्याच उपायाची स्तुति करितात. एका प्रकारच्या स्कूटरीचे चार-पांच तुकडे होतात व सर्वांत जड तुकडा पंधरा किलोंच्या आसपास असतो. निरोगी हातांना तो सोयीचा आहे. परंतु दिवसांतून दोन वेळां वांकून खटके दाबणें व तुकडे जुळविणें हें संधिवाताच्या बोटांना शिक्षेसारखें होय. दुसऱ्या प्रकारच्या गाडीची छत्रीसारखी घडी होते. ती पंचवीस-तीस किलोंची असते. घडी झाली तरी ती हलकी होत नाहीं, हें जाहिरातींत मोठ्या अक्षरांनीं लिहिलेलें नसतें. मोटारीच्या मागें बाहेर फलाटासारखी चौकट जोडून तीवरही स्कूटर नेतां येते. मग पावसापासून आच्छादन हवें, आणि मोटारीचा क्रमांक व मागचे दिवे झांकले जात असल्यास ते पुन्हां बाहेर लावावे लागतात. मागें निराळी छकडी जोडून नेण्याचाही मार्ग आहे, परंतु छकडीसह मागें सरणें काकांना जमत नाहीं व शिकण्याची हौसही नाहीं.

यारीचा अनुभव मात्र सांगण्यासारखा आहे. दाराच्या आंत खांब ठोकून त्याला आडवा हात बसवितात. विजेच्या मोटरीनें पट्टा गुंडाळला जाऊन गाडी अधांतरीं उचलली जाते व मग तो हात आंत वळवितात. आम्ही जाण्यापूर्वीं काकांनीं अशी एक यारी विकत घेतली होती. विकणाऱ्यानें दाराची उंची मोजलीच नाहीं. यारीचा हात, पट्टा, आंकडा व खालीं टांगलेली गाडी हीं सर्व मिळून दाराच्या चौकटीपेक्षां उंच भरलीं. गाडी दारापुढें लोंबकळत राहिली आणि आंत कांहीं जाईना. यारी परत गेली, बसविण्याची मजुरी मात्र बुडाली. वस्तु घेण्यापूर्वीं दार स्वतः मोजावें, आणि नुसतें दार नव्हे तर वस्तूच्या प्रत्येक अवस्थेंतील उंची मोजावी, एवढें यावरून घ्यावें.

आम्हीं शेवटीं पसंत केली ती उतरण व रहाट यांची जोडी. रहाट म्हणजे विंच. कोठडीच्या समोरच्या भिंतीशीं, जमिनीच्या पोलादी पट्टीस तो पक्का बसविला. विहिरीच्या रहाटाप्रमाणेंच यांतही लहान रुळावर दोर गुंडाळतो. फरक इतकाच कीं, हा बारा व्होल्टांच्या बॅटरीवर फिरतो, आणि मोटर व रूळ यांच्यामध्यें मळसूत्राच्या धाटणीचें दांतेचक्र असतें. मोटर पुष्कळ फेरे फिरते तेव्हां रूळ एक फेरा घेतो. म्हणून लहानशी मोटरही मोठा भार ओढते. दुसरा गुण याहून मोलाचा. मळसूत्र चक्राला फिरवितें, परंतु आट्यांचा चढ पुरेसा कमी असला म्हणजे चक्र मळसूत्राला उलट फिरवूं शकत नाहीं. बटनावरील बोट उचललें कीं गाडी जेथल्या तेथें थबकते. अशक्त माणसाला ओढण्याच्या जोराइतकीच, किंबहुना अधिक, गरज या थबकण्याची असते. दम लागला, फोन वाजला, पाऊस आला, तरी गाडी मध्येंच सोडून बाजूस होतां येतें.

येथें एक धोका आहे व तो नीट समजून घेतला पाहिजे. या स्कूटरींचा ब्रेक आपल्या सायकलीच्या ब्रेकच्या अगदीं उलट वागतो. वीज चालू असून गति देणारा दांडा दाबला असेल तेव्हांच तो सुटतो. दांडा सोडतांच अथवा वीज बंद होतांच तो आपोआप चाकांना धरतो. गाडी ओढून न्यावयाची तर मागील बाजूचा एक खटका फिरवून मोटर व चाकें यांचा संबंध तोडावा लागतो. तसें केलें कीं ब्रेकही गेला! त्या क्षणापासून उतरणीवरील गाडीला अडविणारा एक दोर तेवढा उरतो. म्हणून क्रम चुकतां कामा नये. काकांनीं एका पुठ्ठ्यावर ठळक मराठी अक्षरांत लिहून तो दाराच्या आंतल्या बाजूस चिकटविला आहे: "चढवितांना आधीं आंकडा, मग खटका. उतरविल्यावर आधीं खटका, मग आंकडा." तो मजकूर वाचून शेजारचे इंग्रज गृहस्थ हा कांहीं मंत्र आहे काय असें विचारीत होते.

गाडीच्या स्वतःच्या मोटरीनेंच ती उतरणीवर चढवावी, असेंही कोणी म्हणेल. बाजूनें चालत, सर्वांत मंद गति ठेवून, पुष्कळ लोक तसें करितातही. वर बसून मात्र कोणीं जाऊं नये. गाडी मागें उलटण्याचा संभव असतो व दारांत डोकें आपटण्याची खात्री असते. मावशींच्या गाडीचें पोट जमिनीपासून फार थोडें उंच आहे. उतरण संपून सपाट जमीन लागते त्या कोनावर तें पोट टेकून चाकें नुसतीं अधांतरीं फिरूं लागत. रहाटानें ओढतांनाही पहिल्या दिवशीं तेंच झालें. मग तेथें रबराची एक पसरट पाचर चिकटविली, कोन बोथट झाला व अडचण मिटली. तीन चाकांची स्कूटर असती तर आणखी एक भानगड उद्भवली असती. दोन निरनिराळ्या पन्हळांच्या उतरणीवर तिचें मधलें चाक ठेवावें कोठें? तिला सबंध रुंदीचीच फळी पाहिजे.

गाडी आंत गेली म्हणजे सर्व झालें असें नाहीं. ती कोठें उभी राहते हेंही महत्त्वाचें आहे, कारण कोठडी मागील आंसाच्याही मागें असते. तेथें तरफेचा नियम लागू होतो. या मोटारीच्या दोन आंसांमधील अंतर सुमारें ४ मीटर. स्कूटर मागील आंसाच्या १.६ मीटर मागें. ६२ ला ५.६ नें गुणून ४ नें भागा; मागील आंसावर जवळजवळ ८७ किलो भार वाढतो. वस्तु ६२ किलोंची आणि भार ८७ चा, हे जास्तीचे २५ किलो आले कोठून? ते पुढील आंसावरून उचलले गेले. पुढचीं चाकें तितकीं हलकीं झालीं, आणि ज्या गाडीचीं पुढचीं चाकेंच ओढतात व वळवितात तिला तें फार मानवत नाहीं. म्हणून पाण्याचे कॅन, डबे, खुर्च्या असें जड सामान काकांनीं पुढें हलविलें.

एकूण वजनाचाही प्रश्न आहे. ब्रिटनमध्यें ज्यांनीं १ जानेवारी १९९७ पूर्वीं मोटार चालविण्याची परीक्षा दिली त्यांस साडेसात टनांपर्यंतचें वाहन चालविण्याची मुभा मिळालेली असते; परंतु सत्तरीनंतर ती टिकवावयाची तर वैद्यकीय तपासणींत उतरावें लागतें. काकांनीं हृदयविकारामुळें तो नाद सोडला. त्यामुळें त्यांना आतां ३५०० किलोंची मर्यादा आहे. त्यांचें घर रिकामें, चालकासह, ३०५० किलो भरतें. उरल्या ४५० मध्यें मावशी, कपडे, भांडीं, अन्न, छपरी, आणि टाकींत शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो! स्कूटर, फळी व रहाट मिळून ८४ किलो झाले. आम्हीं सर्व सामान भरून ती मोटार वजनकाट्यावर नेली, ३५४० भरली. मावशींनीं तेथेंच निम्मी टाकी रिकामी करावयास सांगितली व लोखंडी तवा उतरविला. तो तवा त्यांनीं १९८१ सालीं इकडून नेला होता.

पुढील चार दिवस तालीम चालली. आम्हीं मदत करूं नये, खिशांत हात घालून नुसतें पाहावें, अशी मावशींची आज्ञा होती. "बाळ, तूं जूनमध्यें परत जाशील. मग कोणाला हांक मारूं?" असें त्या म्हणाल्या. काका बैठक व बॅटऱ्या काढून आंत ठेवीत, सुकाणूचा दांडा दुमडून पुढचीं चाकें सरळ बांधीत, फळीचा ओंठ खिट्टीनें जखडीत आणि आंकडा अडकवीत. मावशी एका स्टुलावर बाजूला बसून बटन दाबीत. उतरणीच्या समोर अथवा खालीं कोणीं उभें राहावयाचें नाहीं, हा नियम काका दोनदां विसरले व दोन्ही वेळां मावशींनीं बटन सोडून त्यांस बाजूला व्हावयास लाविलें. तीस वर्षें वॉर्ड सांभाळलेल्या बाईचा तो आवाज होता. उतरणीवरून वर जावयास गाडीला सुमारें एक मिनिट लागे. वर गेल्यावर चार कोपऱ्यांस चार पट्टे, आडवे-तिडवे व शक्य तितके खालून. मोटार एकाएकी थांबली तर न बांधलेली वस्तु थांबत नसते. सर्व खटाटोप पहिल्या दिवशीं चाळीस मिनिटांचा होता, चौथ्या दिवशीं चौदा मिनिटांचा.

जाहिरात छापावयास गेली नाहीं. जूनच्या पहिल्या आठवड्यांत आम्ही तिघें नॉर्थंबरलंडास, सीहाउसेस या लहानशा बंदरावर गेलों. वाळूंत ही गाडी चालत नाहीं, चाकें रुततात. परंतु बंदराच्या धक्क्यापर्यंत पक्का मार्ग आहे आणि तेथून फार्न बेटें स्पष्ट दिसतात. मावशी आमच्यापुढें गेल्या. साडेसहा किलोमीटरांचा वेग कागदावर थोडा वाटतो. काकांना व आम्हांस मात्र त्यांना गांठतां गांठतां धाप लागली. धक्क्याच्या टोंकास त्या बराच वेळ कांहीं न बोलतां बसल्या होत्या. मग परततांना एवढेंच म्हणाल्या कीं, उद्यां बॅटरी पूर्ण भरून घ्यावयास हवी.

ही हकीकत वर्गांत सांगून झाल्यावर एका विद्यार्थिनीनें विचारलें कीं, "सर, आपल्या सभागृहाला तीन पायऱ्या आहेत, त्यांची उंची किती?" तिची आजी गेल्या स्नेहसंमेलनास दारापर्यंत येऊन परत गेली होती, हें आम्हांस तेव्हां समजलें. मुलांनीं त्याच दुपारीं पट्टी आणून मोजलें. ४८ सेंटिमीटर भरले. एकास बारा या प्रमाणानें ५ मीटर ७६ सेंटिमीटर लांबीची उतरण हवी. समोरच्या अंगणांत तितकी जागा नाहीं, परंतु उत्तरेकडील ओसरीच्या कडेनें ती बसते. नकाशा मुलांनीं काढला असून तो मुख्याध्यापकांच्या मेजावर आहे.